ज्याचा त्याचा कान

रायगडाच्या राजसभेविषयीं एक गोष्ट गडावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानीं पडते. नगारखान्याच्या दारांत उभें राहून कोणीं हलक्या आवाजांत शब्द उच्चारला, तर तो समोर सिंहासनाच्या जागीं स्पष्ट ऐकूं येतो. ही सभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद असल्याचें सांगतात. म्हणजे तो शब्द तेवढें अंतर काटावयास सेकंदाचा सुमारें पांचवा भाग घेत असला पाहिजे. वाटाडे ही गोष्ट कागद फाडून दाखवितात, आणि पाहणारे आश्चर्यानें माना डोलावतात. पण हें आश्चर्य नेमकें कशाचें? आवाज दूरवर पोंचला एवढेंच असेल, तर आज त्याची मातब्बरी काय? सातासमुद्रांपलीकडचा आवाज आपण खिशांतून काढून ऐकतों. राजसभेंतला आवाज आपल्याला थक्क करतो तो ह्यासाठीं कीं, तो जवळ येऊनहि दूरचाच राहतो. शब्द कानाशीं पोंचतो, पण आपण नगारखान्याकडून आलों ही खूण तो बरोबर घेऊन येतो.

हेडफोन कानांवर चढविला कीं हरवते ती नेमकी ही खूण. गाणारा समोर नसतो, मागें नसतो. तो आपल्या कपाळामागें, दोन्ही कानांच्या मधोमध येऊन बसतो. मोठा वाद्यवृंद असला तरी त्याला आपल्या कवटीएवढ्याच जागेंत दाटीवाटीनें बसावें लागतें. स्वर शुद्ध असतो, सारंगीची किनारसुद्धां ऐकूं येते; पण बैठक नसते. ही उणीव दूर व्हावी, हेडफोनमधील आवाज खोलींत मांडलेल्या स्पीकरसारखा बाहेरून आणि ठराविक जागेवरून यावा, आणि तो ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या कानाच्या मापानें बेतलेला असावा, असा प्रयत्न आज जगांत चालला आहे. त्याच्या जाहिराती पुष्कळ झाल्या. कलेच्या दृष्टीनें त्याची पारख करण्याचा योग मला रायगडाच्या पायथ्याशीं, पाचाडास आला. राजसभेची गोष्ट प्रथम सांगितली ती त्याच कारणानें.

आधीं कानाचा व्यवहार थोडक्यांत पाहूं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधीं आणि किंचित् मोठा लागतो. डाव्या कानाला तो मागाहून आणि डोक्याच्या सावलींतून पोंचतो. हा वेळेचा फरक फार झाला तर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन-तृतीयांश असतो. तरी मेंदू तो ओळखतो. लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं ही उपपत्ति नीट मांडली. पण तिच्यांत एक प्रश्न उरतो. अगदीं समोरचा, अगदीं मागचा आणि थेट डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळीं आणि सारखाच पोंचतो; मग समोरचा कोणता आणि मागचा कोणता, हें आपण ओळखतों कसें?

त्याचें उत्तर कानाच्या बाहेरच्या, शिंपल्यासारख्या वळ्यावळ्यांच्या भागांत आहे. आवाज त्या वळ्यांवर आदळून आंत शिरतो, तेव्हां त्यांतील कांहीं उंच स्वर दबतात, कांहीं उठावतात. आणि आवाजाची दिशा बदलली कीं ही दबण्या-उठावण्याची रीतहि बदलते. हें जणूं कानाचें हस्ताक्षर आहे. तें प्रत्येकाचें निराळें असतें, कारण कोणाचाहि कान दुसऱ्याच्या कानासारखा नसतो. आणि प्रत्येकाचा मेंदू लहानपणापासून आपल्याच कानाचें अक्षर वाचावयास शिकलेला असतो. हेडफोन आवाज थेट कानाच्या तोंडाशीं नेऊन ठेवतो. त्यावर ना डोक्याची सावली, ना खोलीच्या भिंतींचा पडसाद, ना ओळखीचें अक्षर. पत्ता नसलेलें पत्र टपालवाला जसें आपल्याच कचेरींत ठेवून घेतो, तसा मेंदू हा आवाज डोक्यांतच ठेवून घेतो.

ह्या पत्त्याचा शोध जुना आहे. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर ह्यानें तेथील ऑपेरा तारेवाटे प्रदर्शनांत ऐकविला, तेव्हां प्रत्येक श्रोत्याच्या दोन कानांना दोन निरनिराळे टेलिफोन दिले होते. इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन ह्यानें दोन मार्गांच्या ध्वनिमुद्रणाचें पेटंट १९३१ सालीं मागितलें. पुढें कृत्रिम डोकें घडवून त्याच्या कानांत मायक्रोफोन बसविण्याची युक्ति निघाली. १९७३ सालीं बर्लिनला अशा डोक्यानें टिपलेलें नभोनाट्य लोकांनीं हेडफोनवर ऐकलें. पण तें डोकें कोणाचें? १९७२ पासून प्रयोगशाळांत वापरला जाणारा 'केमार' नांवाचा पुतळा सरासरी प्रौढ माणसाच्या मापाचा आहे. सरासरी माणूस ही गणिताची सोय आहे. तो कोणाच्या घरीं जेवावयास येत नाहीं. म्हणून शेवटीं प्रत्येकाच्या कानाचेंच माप घेण्याचा मार्ग उरला. स्मिथ रिसर्चच्या 'रियलायझर' ह्या यंत्रानें हें माप कानांत मायक्रोफोन बसवून घेण्याची सोय केली. ॲपलनें २०२२ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यानें कानाचें चित्र घेऊन तें अदमासानें काढण्याची सोय सर्वसामान्य गिऱ्हाइकांना दिली.

आतां पाचाडची हकीकत. गडावरची थंड हवा व वारा मानवेना म्हणून जिजाबाईंसाठीं महाराजांनीं ह्या गांवीं वाडा बांधला. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनीं, १७ जून १६७४ रोजीं, त्यांनीं येथेंच देह ठेवला, आणि त्यांची समाधि येथेंच आहे. माझ्या थोरल्या बहिणीचें सासर ह्याच गांवचें. तिचा मुलगा पुण्यास संगणकाच्या कामांत असतो आणि उरलेला वेळ ध्वनीच्या नादांत घालवितो. गेल्या हिवाळ्यांत मी तिच्याकडे आठ दिवस राहावयास गेलों असतांना तो आपलें सारें बिऱ्हाड घेऊन आला.

ओटीच्या दोन कोपऱ्यांत त्यानें दोन स्पीकर मांडले, मला समोर खुर्चीवर बसविलें आणि माझ्या दोन्ही कानांच्या तोंडाशीं मसुराएवढे मायक्रोफोन बसविले. "मामा, आतां मान हलवूं नका," असें बजावून त्यानें एकेका स्पीकरमधून एक लांब शीळ सोडली. ती खर्जाच्याहि खालून निघून चढत चढत अखेर माझ्या म्हाताऱ्या कानांना ऐकूं येईनाशी झाली. ह्या शिळेचें माझ्या कानाशीं पोंचेपर्यंत जें जें कांहीं झालें, म्हणजे ओटीच्या भिंतींनीं, माझ्या डोक्यानें आणि माझ्या कानाच्या वळ्यांनीं तिच्यांत जो जो पालट केला, तो सारा टिपला गेला. मग हेडफोन घालून तीच शीळ पुन्हां ऐकवली. ती हेडफोनचा स्वतःचा रंग ओळखून वजा करावयासाठीं. ह्या दोन मापांवरून संगणक कोणताहि आवाज असा घडवितो कीं, तो माझ्या कानाशीं त्या स्पीकरांतून, त्या ओटींतून आल्याप्रमाणेंच पोंचावा.

मग त्यानें संगीत सुरू केलें. मीं दोन मिनिटें ऐकलें आणि थोडा वैतागून म्हणालों, "अरे, स्पीकर बंद कर, हेडफोनचें ऐकूं दे." तो नुसता हंसला. मीं हेडफोन काढला, तों ओटीवर शांतता. अंगणांत कोंबड्या चरत होत्या, एवढाच काय तो आवाज. हेडफोन पुन्हां चढविला, तों दोन्ही कोपऱ्यांतून गाणें सुरू. कानांनीं इतकें धडधडीत फसविल्याचा अनुभव मला ह्यापूर्वीं आला नव्हता. मान वळविली तरी गाणें आपल्या कोपऱ्यांतच राहिलें, कारण हेडफोनच्या पट्टीवर बसविलेलें एक चिमुकलें यंत्र मान किती वळली हें क्षणोक्षणीं कळवीत होतें. तें बंद केल्याबरोबर मान वळेल तिकडे सारी ओटीच फिरूं लागली, आणि भ्रम विटला.

खरी परीक्षा मात्र माझ्या बहिणीनें केली. भाच्यानें स्वतःच्या कानाचें माप लावलेलें असतांना तिनें सहज हेडफोन घातला आणि दचकून मागें पाहिलें. "माझ्या पाठीमागें कोण गातंय?" मुलाच्या कानाचें अक्षर आईला वाचतां येईना, समोरचें तिला मागचें वाटलें. मग त्यानें तिच्या कानांचें माप घेतलें, आणि बालगंधर्वांची एक जुनी तबकडी एकट्या डाव्या कोपऱ्यांतल्या स्पीकरच्या मापानें लावली. ती क्षणभर त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मामंजींचा रेडिओ कुणी लावला?" तिच्या सासऱ्यांचा रेडिओ एके काळीं त्याच कोपऱ्यांत, त्याच फळीवर असे.

ह्या वाक्यावर मी पुढें पुष्कळ विचार केला. ती 'बालगंधर्व आले' असें म्हणाली नाहीं; 'रेडिओ लागला' असें म्हणाली. आणि ह्या नव्या विद्येच्या गुणदोषांचा निवाडा मला वाटतें ह्या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरांतच आहे.

ह्या विद्येच्या दोन महत्त्वाकांक्षा आहेत, आणि जाहिराती त्यांची गल्लत करतात. एक म्हणते, मी तुम्हांला खोलींतला स्पीकर आणून देईन. दुसरी म्हणते, मी तुम्हांला प्रत्यक्ष मैफलींत नेऊन बसवीन. पहिली नम्र आहे आणि खरी आहे. दुसरी भव्य आहे आणि बहुधा खोटी आहे. हिंदुस्थानांत तबकड्यांवर गाणें उतरूं लागलें तें १९०२ पासून. विजेच्या मायक्रोफोनचा काळ १९२५ नंतरचा. त्यापूर्वीं गायक कर्ण्यांत तोंड घालून गात. तीन-साडेतीन मिनिटांत चीज आटपावी लागे आणि साऱ्या मैफलीचा आवाज एकाच खांचेंतून वाहे. त्या खांचेंत सभागृह नाहीं, श्रोते नाहींत, गायकाचें डावें-उजवें नाहीं. अशा तबकडीला आज संगणकानें मोठें नाट्यगृह चढवावें, साथीची पेटी उजवीकडे आणि तबला डावीकडे उचलून ठेवावा, हें जुन्या पोथींत नव्या ओव्या घुसडण्यासारखें आहे. पोथीची चिकित्सा करणारा पंडित अशा ओव्यांना क्षेपक म्हणून बाजूला काढतो. त्या कितीहि गोड असल्या तरी कवीच्या म्हणून स्वीकारीत नाहीं. ध्वनीच्या बाबतींत आपण इतकेंहि कडक राहूं नये काय?

उलट कोपऱ्यांतला रेडिओ हें क्षेपक नव्हे. तो त्या गाण्याच्या परंपरेचाच भाग आहे. महाराष्ट्रांतील हजारों घरांनीं तें गाणें ऐकलें तें दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यांतून येणारें, एका पेटींतून येणारें, घरांतल्या कामांच्या गडबडींतून येणारें. आजच्या संगीतालाहि हीच गोष्ट लागू आहे. तें रचणारे लोक बहुधा दोन स्पीकरांसमोर बसून कोणता स्वर कोठें ठेवावयाचा हें ठरवितात. म्हणजे कृति पूर्ण होते ती स्पीकरांसमोर. हेडफोननें स्पीकरासारखें वाजावें ह्या मागणींत म्हणून यंत्राची हौस नाहीं. त्यांत मूळ पाठाशीं इमान आहे. कलावंताला अभिप्रेत होतें तेवढेंच द्यावें. पदरचें घालूं नये.

दोन दिवसांनीं आम्ही गडावर गेलों. पायऱ्या चढण्याचें माझें वय राहिलें नाहीं; हिरकणीवाडीहून रोपवेनें गेलों. सकाळची वेळ होती आणि सभेंत एका शाळेचीं मुलें आलेलीं होतीं. मी मेघडंबरीच्या बाजूस उभा राहिलों आणि भाचा नगारखान्याकडे गेला. तेथून त्यानें अगदीं घरांत बोलावें तसें विचारलें, "मामा, ऐकूं येतंय का?" मला ऐकूं आलें, पण मलाच नव्हे. माझ्या आसपासच्या दहा-बारा मुलांनीं एकदम नगारखान्याकडे माना वळविल्या, आणि त्यांतल्या एकीनें माझ्या वतीनें "हो!" असें उत्तरहि देऊन टाकलें.

मग मीं तेथेंच हेडफोन घातला आणि ओटीवरचें तेंच गाणें, तेंच माझ्या कानाचें माप लावून, ऐकलें. आश्चर्य असें कीं घरीं जें इतकें साधलें होतें तें येथें साधेना. आवाज कोपऱ्यांतून निघे, पण कोपरा कोठें आहे? डोळ्यांपुढें उघडें आकाश आणि दूरवर भिंती. कानांत मात्र पाचाडची बुटकी ओटी. डोळे आणि कान यांचें भांडण लागलें, आणि गाणें सरकत सरकत चेहऱ्याजवळ येऊन थांबलें. ऐकण्याची जागा आणि ऐकविलेली जागा जुळत नसली कीं आवाज डोक्याबाहेर टिकत नाहीं, हें ह्या शास्त्राच्या अभ्यासकांनींहि नोंदलें आहे. कानाचें माप अचूक असून भागत नाहीं. जागेची साक्षहि लागते.

तेथें भाच्याला एक कल्पना सुचली. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत रायगड आहे. मग रीतसर परवानगी काढून नगारखान्यांत स्पीकर ठेवावा, सिंहासनाच्या जागीं कानांत मायक्रोफोन घालून बसावें, आणि राजसभेचा आवाज मोजून घरोघर न्यावा; पुण्या-मुंबईच्या, फार काय अमेरिकेच्या मराठी माणसालाहि राजसभेंत बसल्यासारखें ऐकतां येईल! कल्पना मोहक आहे आणि नोंद म्हणून ती अवश्य अंमलांत यावी. पण त्या नोंदीला नांव कोणतें द्यावयाचें, हें आधीं ठरवावें. आज मोजाल तो आजच्या पडक्या भिंतींचा, रिकाम्या फरसबंदीचा आवाज असेल. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या दिवशीं ही सभा माणसांनीं भरलेली होती. माणसांचीं शरीरें आणि वस्त्रें आवाज शोषून घेतात, आणि भरलेली सभा रिकाम्या सभेसारखी कधींच ऐकूं येत नाहीं. 'आजच्या राजसभेचा आवाज' म्हणाल तर ती प्रामाणिक नोंद होईल. 'शिवकालीन राजसभेचा आवाज' म्हणाल तर तें पुन्हां क्षेपक.

आतां शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या साहित्यशास्त्रांत भट्टनायकानें साधारणीकरणाची कल्पना मांडली. कलेच्या आस्वादांत 'हें माझें', 'हें परक्याचें' ही भावना गळून पडते, म्हणूनच शोकाचेंहि आस्वादन होऊं शकतें. ह्या नव्या विद्येचें ब्रीद नेमकें उलट दिसतें. ती प्रत्येकाला त्याच्याच कानाचें, त्याच्यापुरतें देऊं पाहते. मग ती रसाच्या विरुद्ध समजावी काय? अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं जीं सात विघ्नें सांगितलीं त्यांकडे पाहिलें कीं ह्याचा उलगडा होतो. प्रतीतीच्या साधनाचें अपुरेपण हें त्यांतलें एक. स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतून पडणें हें दुसरें. परक्या मापाचा कान हें साधनाचें वैकल्य आहे. गाणें मागून येतें कीं पुढून, डोक्यांत वाजतें कीं बाहेर, ह्या घोटाळ्यांत सांपडलेला श्रोता गाण्यापर्यंत पोंचतच नाहीं. प्रत्येकाला त्याच्या कानाचें माप देणें म्हणजे हें विघ्न दूर करणें. चष्मा प्रत्येकाच्या डोळ्याचा वेगळा असतो तो सर्वांना एकच पुस्तक वाचतां यावें म्हणून. कानाचें माप वेगळें हवें तें तितक्याचसाठीं.

पण चष्म्याबरोबर पुस्तकहि ज्याचें त्याचें झालें, तर दुसरें विघ्न उभें राहतें. आणि तें उभें राहत असल्याचें मीं पाचाडास पाहिलें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी आणि भाचा ओटीवर हेडफोन घालून, मानेनें ताल देत बसलों होतों. बहिणीनें दिवा लावला, आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें आणि म्हणाली, "दोन माणसं घरांत आलीं म्हणून बरं वाटत होतं. तुम्ही ऐकतां आहांत, नि घर मुकं झालंय." आम्ही ऐकत होतों ते स्पीकर तिच्यापुरते नव्हतेच. मामंजींच्या रेडिओचा सारा गुण असा होता कीं तो एकाचा नव्हता. तो माजघरांत ऐकूं जाई, पडवींत ऐकूं जाई, शेजारी ऐकूं जाई. राजसभेंतला शब्दहि माझ्या एकट्यासाठीं आला नाहीं. म्हणून तर त्या मुलीनें मला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलें.

म्हणून माझा अभिप्राय असा. ही विद्या स्वागतार्ह आहे. आजारी माणसाच्या खोलींत, रात्रीं दाटीवाटीच्या बिऱ्हाडांत, परदेशीं एकटें राहणाऱ्याला ती मोठा दिलासा देईल. तिनें स्पीकर व्हावें, मैफल होण्याचा आव आणूं नये. जुन्या ठेव्याला नवे महाल चढवूं नयेत. कानाचीं चित्रें ज्यांच्या हातीं आपण देतों त्यांनीं तीं आपल्या शरीराचा भाग समजून जपावीं, हें आपण आग्रहानें मागावें. आणि रसिकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हॉलंडांतील नायमेखेन येथें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चार माणसांच्या कानांत सांचे बसवून त्यांच्या वळ्या बदलल्या. प्रथम त्यांना आवाज वरून येतो कीं खालून हें कळेना. पण कांहीं आठवड्यांत तीं त्या नव्या कानांनीं ऐकावयास शिकलीं, आणि सांचे काढल्यावर जुन्या कानाचें ज्ञानहि शाबूत निघालें. माणसाला दुसऱ्याचा कान शिकतां येतो, आणि तो शिकतांना स्वतःचा गमवावा लागत नाहीं. वाङ्मय आणि संगीत ह्यांचें काम आजवर तेंच होतें. यंत्र आपल्या कानाशीं जुळवून घेईल. तेवढ्यानें आपण दुसऱ्याच्या कानाशीं जुळवून घेण्याची संवय सोडूं नये.

त्या संध्याकाळीं भाच्यानें हेडफोनची तार काढून तीच तबकडी कोपऱ्यांतल्या स्पीकरवर लावली. आवाजांत मला फारसा फरक वाटला नाहीं. बहीण मात्र स्वयंपाकघरांतून ती चीज बरोबर गुणगुणूं लागली होती.